माणसाच्या वाट्याचे आकाश

पनवेल शहराला लागून असलेले करंजाडे हे एकेकाळी भातशेतीच्या परिसरातील एक लहानसे गाव होते. आज तेथे सिडकोने आखलेले सेक्टर आहेत, इमारतींच्या रांगा आहेत आणि त्या रांगांच्या तोंडाशी घरविक्रीचे फलक आहेत. मुंबईला किंवा बेलापूरला रोज जाऊन-येऊन नोकरी करणारा कारकून, पनवेलच्या शाळेत शिकवणारा शिक्षक, नुकताच संसार थाटलेला तरुण, अशा माणसांसाठी ही घरे बांधली जातात. दोन खोल्यांच्या घरालाही फलकावर ‘आलिशान’ हे विशेषण लावण्याचा आता प्रघातच पडला आहे. प्रत्यक्षात तो आलिशानपणा बहुधा चकचकीत फरशीपुरता आणि प्रवेशद्वाराच्या कमानीपुरता उरतो. सज्जा भिंत घालून खोलीत सामील करून घेतलेला असतो आणि खिडकी उघडावी तर ती समोरच्या इमारतीच्या खिडकीत उघडते.

घराचा आलिशानपणा नेमका कशात असतो, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्या वास्तुरचनाकाराचे नाव चार्ल्स कोरिया. मुंबईच्या धनिकांसाठी कंबाला हिलवर उभी राहिलेली ‘कांचनजंगा’ ही उत्तुंग इमारत त्यांची. आणि ज्या नव्या शहराच्या विस्तारात करंजाडे सामावले गेले, त्या नव्या मुंबईची कल्पना ज्या तिघांनी प्रथम मांडली, त्यांतही ते होते. त्यांच्या निधनाला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही करंजाड्याच्या फलकांवरील त्या एका शब्दाचा अर्थ लावायचा, तर त्यांच्या चरित्राकडे वळल्याखेरीज गत्यंतर नाही.

रुळांचे खेळ

कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म मात्र १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादला झाला. लहानपणी त्यांना खेळण्यातील आगगाडीचे विलक्षण वेड होते. रूळ कोठून न्यावेत, फाटे कोठे फोडावेत, स्थानके कोठे ठेवावीत, याचे आराखडे ते कागदावर काढीत. आपल्याला रेखाटनाची आणि रचनेची गोडी तेथूनच लागली, असे ते पुढे सांगत. ज्या मुलाने पुढे लाखो माणसांच्या रोजच्या आगगाडीच्या प्रवासाची चिंता वाहिली, त्याच्या आयुष्याचा आरंभ रुळांच्या खेळाने व्हावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्यानंतर १९४९ साली ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात दाखल झाले आणि तेथून १९५३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत, एम. आय. टी.मध्ये, गेले. मिशिगनला बकमिन्स्टर फुलर या कल्पक रचनाकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले. एम. आय. टी.मधील पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी एखाद्या भव्य इमारतीचा आराखडा सादर केला नाही. त्यांनी एक छोटा सचेतपट तयार केला. जुन्या वस्तीतील रहिवासी एकत्र येऊन आपली वस्ती आपणच कशी सुधारू शकतात, हा त्याचा विषय होता. वयाच्या पंचविशीत निवडलेला हा विषय त्यांना जन्मभर पुरला.

१९५५ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तो काळ नव्या राष्ट्राच्या उभारणीचा होता. चंडीगडला ल कॉर्बुझिए यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तरुण वास्तुरचनाकारांच्या डोळ्यांपुढे काँक्रीटचे नवे जग उलगडत होते. कोरियाही त्या प्रभावापासून अलिप्त नव्हते. तथापि परदेशी नमुना येथील उन्हात जसाच्या तसा उभा करता येणार नाही, हे त्यांना फार लवकर उमगले.

उन्हाशी समझोता

त्यांच्या हाती आलेले पहिले मोठे काम अहमदाबादचे होते. साबरमती आश्रमात महात्मा गांधींचे स्मारक-संग्रहालय बांधावयाचे होते. आश्रमातील साध्या कुटीच्या शेजारी भपकेबाज वास्तू शोभली नसती. कोरियांनी सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशा चौकोनी घटकांची मांडणी केली. विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, काचेऐवजी लाकडी झडपा. काही चौकोन बंद खोल्यांचे, काही नुसत्या छपराचे आणि काही अगदी मोकळे, आकाशाखाली सोडलेले. मध्यभागी पाण्याचा चौक. या संग्रहालयाचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. तिशीच्या उंबरठ्यावरील एका तरुणाने गांधीजींच्या साधेपणाला वास्तुरूप दिले, याची दखल देशभर घेतली गेली.

याच अहमदाबादेत त्यांनी एकीकडे गिरणीमालकांची प्रशस्त घरे बांधली आणि दुसरीकडे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घराचा एक नमुना सिद्ध केला. रामकृष्ण हरिवल्लभदास यांचे घर समांतर भिंतींच्या पट्ट्यांत विभागलेले, मधूनमधून चौक सोडलेले आणि बागेकडे उघडणारे होते. पारेख कुटुंबाच्या घरात त्यांनी त्याहूनही धीट प्रयोग केला. घराचा एक भाग उन्हाळ्याच्या दुपारी राहण्यासाठी, वरच्या बाजूला निमुळता होत जाणारा, आतला गारवा जपणारा. दुसरा भाग हिवाळ्यासाठी आणि संध्याकाळसाठी, आकाशाकडे उघडणारा. दिवसाच्या आणि ऋतूंच्या वेळापत्रकाप्रमाणे माणसांनी घरातल्या घरात मुक्काम हलवावा, ही कल्पना जुन्या वाड्यांतून राहिलेल्यांना नवी वाटण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात माजघर, थंडीत अंगण आणि पावसाळ्यात पडवी हे आपल्याकडील घरांचे वेळापत्रकच होते.

गरिबांच्या घराचा नमुना मात्र या श्रीमंती घरांच्याही आधीचा होता. गुजरात गृहनिर्माण मंडळाने भरविलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो पारितोषिकास पात्र ठरला. ३.६ मीटर रुंद आणि सुमारे १८ मीटर लांब असे हे चिंचोळे घर. त्याचे छप्पर उतरते होते. तापलेली हवा त्या उताराने वर चढे, माथ्यावरच्या फटीतून निघून जाई आणि तिच्या जागी खालून ताजी हवा खेचली जाई. विजेचा पंखासुद्धा ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरात छपराच्या आकारानेच वारा खेळवावा, अशी ही युक्ती होती. हे घर १९९५ मध्ये पाडले गेले; पण वास्तुशास्त्राचे विद्यार्थी त्याचा छेद आजही अभ्यासतात.

गिरणीमालकाचे घर असो की कामगाराचे, दोन्हीकडे कोरियांचा विचार एकच होता. आपल्या हवामानात बंद खोली हा घराचा एक भाग आहे, संपूर्ण घर नव्हे. पहाटेची झोप, संध्याकाळच्या गप्पा, मुलांचा खेळ, धान्याचे वाळवण आणि शेजाऱ्यांशी होणारी बोलाचाली, हे सारे ओट्यावर, अंगणात आणि गच्चीवर चालते. युरोपच्या थंडीत माणसाला चार भिंतींची पेटी लागते. येथे वर्षाचे बरेच महिने झाडाची सावलीही पुरेशी होते. आकाशाखालील जागा ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू नव्हती. ती निवासाची गरज होती आणि गरीब माणसाला तर तिची अधिकच गरज होती. कारण त्याच्या वाट्याला येणारी बंद खोली आधीच अपुरी असते.

कांचनजंगा

हाच विचार अठ्ठावीस मजल्यांवर नेता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कांचनजंगा. मुंबईत घर कोणत्या दिशेला तोंड करून असावे, हा जुना पेच आहे. समुद्र पश्चिमेला, सुखद वारे पश्चिमेचे. पण दुपारनंतरचे भाजणारे ऊन आणि पावसाचा झोडपाही पश्चिमेचाच. जुन्या बंगल्यांनी यावर तोडगा काढला होता. राहत्या खोल्यांभोवती त्यांनी व्हरांड्याचे कडे उभारले. व्हरांडा ऊन-पाऊस झेलतो आणि वारा आत सोडतो. साठच्या दशकात नेपियन सी रोडवर बांधलेल्या ‘सोनमर्ग’ या इमारतीत कोरियांनी हे कडे पहिल्यांदा बहुमजली घराला चढवून पाहिले होते.

कांचनजंगेत त्यांनी त्याहून मोठी झेप घेतली. सुमारे ८५ मीटर उंचीचा, २१ मीटर रुंदीचा चौकोनी मनोरा आणि त्यात अवघी ३२ घरे. प्रत्येक घर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार, म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणार. तीन शयनगृहांपासून सहा शयनगृहांपर्यंतची निरनिराळी घरे चिनी कोड्याच्या तुकड्यांसारखी एकमेकांत गुंतवलेली, आणि मनोऱ्याचे कोपरे कापून काढून तेथे दोन-दोन मजले उंचीच्या बागा. दुरून पाहिले की त्या भक्कम पांढऱ्या मनोऱ्याला कोपऱ्याकोपऱ्यांत खोल झरोके पडल्यासारखे दिसतात. ते झरोके म्हणजेच जुन्या बंगल्यांचे व्हरांडे होत. या कामात वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता त्यांच्या सहकारी होत्या, तर बांधकामाचे गणित शिरीष पटेल या अभियंत्याचे होते. मधला काँक्रीटचा गाभा सरकत्या साच्याने ओतत नेण्याचे तंत्र त्यांनी येथे वापरले. ते त्या काळी आपल्याकडे अगदीच नवे होते. १९७० मध्ये सुरू झालेले हे काम १९८३ साली पूर्ण झाले.

ही इमारत अतिश्रीमंतांची आहे, हे उघड आहे. बत्तीस कुटुंबांसाठी एवढा डोलारा, असा आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही गेला. परंतु तिच्यात आलिशान काय होते, याचा विचार केला तर उत्तर अनपेक्षित येते. संगमरवर, झुंबरे, खांबांवरील नक्षी यांना त्या रचनेत महत्त्व नव्हते. तिची सारी संपत्ती म्हणजे आरपार वारा, अंगावर न येणारे ऊन आणि तिसाव्या मजल्याच्या आसपासही पायांखाली स्वतःचे अंगण. कोकणातल्या कुडाच्या घराला जे फुकट मिळते, ते मुंबईच्या धनिकाला कोरियांनी भरमसाट किमतीला मिळवून दिले. त्यात त्यांची प्रतिभा होती आणि त्यांची टोचणीही त्यातच होती. जे श्रीमंताला पैसे मोजून मिळते ते इतरांना का मिळू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

खाडीपलीकडचे शहर

खरे तर त्या प्रश्नाला त्यांनी कांचनजंगेच्या आधीच हात घातला होता. १९६४ साली मुंबई महानगरपालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध करून सूचना मागविल्या. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी जी सूचना दिली, ती आराखड्यात दुरुस्ती करणारी नव्हती. ती आराखड्याची दिशाच बदलणारी होती. मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी पट्टी. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला दूरदूर सरकत चाललेली. त्यामुळे सकाळी गाड्या एका दिशेने तुडुंब आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने. या पट्टीला आणखी ताणण्याऐवजी शहर पूर्वेकडे, खाडीपलीकडे वळवावे, खाडीभोवती त्याचे कडे तयार व्हावे, असे या तिघांनी मांडले. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ साली या प्रस्तावाला आपल्या पानांत स्थान दिले.

या योजनेचा गाभा वास्तुशास्त्राचा नव्हता, अर्थशास्त्राचा होता. शहर आले की जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ कोणाच्या कष्टाने होत नाही. रस्ता, रेल्वे आणि पाणी आल्याने होते. मग ती वाढ सट्टेबाजांच्या खिशात का जावी? सार्वजनिक संस्थेने जमीन आधी ताब्यात घ्यावी, तिच्यावर सोयी उभाराव्यात, कचेऱ्यांना आणि सधनांना ती चढ्या भावाने विकावी आणि त्या नफ्यातून गरिबांची घरे व सार्वजनिक वाहतूक उभी करावी. शासनाने ही कल्पना स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. खासगी व्यवसाय बाजूला सारून ते या कामात उतरले होते.

पण योजनेची एक अट होती. शासनाने स्वतः आधी खाडी ओलांडावी. मंत्रालय आणि विधिमंडळ पलीकडे गेले असते, तर त्यांच्यामागे कचेऱ्या, बँका आणि व्यापारी गेले असते. घडले ते उलट. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून मिळवलेल्या जमिनीवर उत्तुंग कचेऱ्या उठत राहिल्या आणि १९८१ मध्ये विधान भवनाची नवी वास्तूही तेथेच उभी राहिली. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. उपनगरी रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ साल उजाडले. घाऊक बाजार नव्या मुंबईत गेले, काही शासकीय कचेऱ्या बेलापूरला आल्या. पण राजधानीचे हृदय होते तेथेच धडधडत राहिले. परिणामी नवी मुंबई हे मुंबईला पर्याय होण्याऐवजी दीर्घकाळ मुंबईच्या चाकरमान्यांचे शयनगृह होऊन बसले.

या कहाणीला आणखी एक बाजू आहे आणि ती कोरियांच्या चरित्रातही झाकून ठेवता येणार नाही. कागदावर जी स्वस्त शेतजमीन होती, ती प्रत्यक्षात आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांची भाकरी होती. जमिनीच्या वाढत्या भावातून गरिबांचे कल्याण साधण्याचे गणित मांडताना, ज्याची जमीन गेली त्यालाही त्या वाढीत वाटा हवा, हे कलम मूळ हिशेबात पुरेशा ठळकपणे आले नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तानंतर विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. या पट्ट्यातील अनेक वसाहती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. कोरियांचे स्वप्न उदात्त होते. पण नियोजनकर्त्याला आकाशातून दिसणारी जमीन आणि बांधावर उभे राहून दिसणारी जमीन यांत अंतर असते, हा धडा रायगडच्या शेतकऱ्यांनी सर्वांनाच दिला.

बेलापूरचा प्रयोग

कांचनजंगा पुरी झाली त्याच वर्षी, १९८३ मध्ये, बेलापूरला कोरियांचे दुसरे एक काम सुरू झाले. ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ या नावाने ते ओळखले जाते. सुमारे सहा हेक्टर जमिनीवर साधारण ५५० कुटुंबांची वसाहत. कांचनजंगेतील कुटुंबांच्या सतरा पटींहून अधिक कुटुंबे, आणि एकही मनोरा नाही. सात घरांचा एक गट आणि त्याच्या मध्ये सुमारे आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरे आणि त्यांच्यामध्ये त्याहून मोठा चौक. असे गट जोडत जोडत सबंध वसाहत आणि तिच्या मध्यातून वाहणारा ओढा. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे लहान घर आणि मोठे घर यांत फरक होता, पण तो डोळ्यांत सलावा एवढा नव्हता.

घरे मुद्दामच साधी होती. उतरती छपरे, पांढऱ्या भिंती, गावचा गवंडी बांधू शकेल अशी रचना. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नव्हती. हेतू असा की, घरात सून आली, मिळकत वाढली, तर शेजाऱ्याला विचारल्यावाचून एखादी खोली वाढवता यावी. घर ही एकदाच पुरी करून हाती ठेवण्याची वस्तू नसून कुटुंबाबरोबर वाढणारी गोष्ट आहे, हे खेड्यातला माणूस जाणतोच. सरकारी वसाहतीच्या नकाशात ते क्वचितच उतरते. शिवाय दाट वस्तीसाठी उंच इमारतच हवी, हा समज कोरियांनी येथे खोडून काढला. नीट मांडणी केली तर दर हेक्टरी सुमारे पाचशे माणसे जमिनीलगतच्या घरांत, प्रत्येकाला थोडे अंगण देऊन, राहू शकतात हे त्यांनी दाखवून दिले.

आज त्या वसाहतीत गेल्यास मूळची उतरत्या छपरांची घरे फारच थोडी दिसतात. बहुतेकांनी ती पाडून काँक्रीटची मोठी घरे बांधली आहेत. काहींच्या मते हे प्रयोगाचे अपयश होय. मूळ रहिवाशांपैकी पुष्कळजण घरे विकून गेले आणि जागा अधिक सधनांच्या हाती गेली, हेही खरे आहे. परंतु घर मालकाच्या मर्जीने बदलावे ही मुभा मूळ आराखड्यातच होती. भिंती बदलल्या, चौक आणि ओढ्याकाठची मोकळी जागा पुष्कळशी राहिली. मुले तेथे खेळतात, म्हातारी माणसे तेथे बसतात. वास्तुरचनाकाराने बांधलेले बहुतेक सारे गेले आणि त्याने मोकळे सोडलेले टिकले, असा हा विलक्षण प्रकार आहे.

पुणे ते गिरणगाव

एव्हाना कोरियांची कीर्ती जगभर पोहोचली होती. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. १९८४ मध्ये ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या राजमान्य संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. भोपाळचे भारत भवन टेकडीच्या उतारात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत तलावाकडे जाते. जयपूरचे जवाहर कला केंद्र नऊ चौकांत नवग्रहांची मांडणी करते. दादरच्या पोर्तुगीज चर्चची नवी वास्तूही त्यांचीच. मराठी वाचकांना विशेष जवळचे काम म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’. डॉ. जयंत नारळीकर यांच्या या खगोलविज्ञान संस्थेत प्रवेश करताच काळ्या पाषाणाच्या भिंती दिसतात आणि पुढे विश्वाच्या विस्ताराची कल्पना देणारे कुंड येते. तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. विश्वाचा अभ्यास जेथे करावयाचा तेथेही कोरियांनी मध्यभागी अंगणच ठेवले.

तथापि सन्मानांच्या या वर्षावात त्यांचे लक्ष शहरावरून ढळले नाही. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरील पदपथांसाठी त्यांनी फार पूर्वीच एक साधी योजना सुचविली होती. पदपथालगत अर्धा मीटर उंचीचे ओटे बांधावेत, त्यांना पाण्याचे नळ जोडावेत. दिवसा तेथे फेरीवाले बसतील. संध्याकाळी ओटे धुतले जातील आणि रात्री बेघर माणसे त्यांवर निजतील. ज्या माणसाला घर देता येत नाही त्याला निदान स्वच्छ ओटा द्यावा, एवढीच ही अपेक्षा होती. ती योजना कागदावरच राहिली. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९८८ मध्ये आयोगाने विस्तृत अहवाल सादर केला. त्याच्या शिफारशींचे चीज मात्र झाले नाही.

१९९६ मध्ये राज्य शासनाने त्यांना गिरणगावात पाठविले. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचे काय करावे, हे सांगणाऱ्या अभ्यासगटाचे ते प्रमुख होते. १९९१च्या नियमाप्रमाणे अशा जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक वाटा मालकासाठी असावयाचा होता. कोरियांनी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे तुकडे एकत्र जोडून परळ-लालबागच्या मधोमध उद्याने, घरे आणि रोजगार यांची मांडणी करून दिली. पण २००१ मध्ये नियम बदलला. सार्वजनिक वाट्याचा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता मर्यादित झाला आणि तो वाटा आक्रसून गेला. त्या जागी आज उभे असलेले आरशांचे मनोरे कोणासाठी आहेत, हे गिरणी कामगारांच्या वारसांना सांगावे लागत नाही.

२००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. लिस्बनचे कर्करोग व मेंदूविज्ञान संशोधन केंद्र आणि टोरोंटोचे इस्मायली केंद्र ही त्यांची अखेरच्या पर्वातील मोठी कामे. १६ जून २०१५ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

जमेच्या बाजूला काय?

व्यवहाराच्या मापाने मोजले तर कोरियांच्या पदरात विचित्र माप पडले, असे म्हणावे लागेल. श्रीमंतांसाठी त्यांनी जे बांधले ते उभे आहे आणि वाखाणले जाते. सर्वसामान्यांसाठी त्यांनी जे सुचविले त्यातील बरेचसे एक तर झालेच नाही, किंवा अर्धवट झाले, किंवा उलटे झाले. समाजाने त्यांच्यातील आलिशान घरांचा शिल्पकार तेवढा उचलून घेतला आणि नगररचनाकाराला अध्यक्षपदे देऊन वाटेला लावले. कांचनजंगेची नक्कलही नीट झाली नाही. उंची घेतली, किंमत घेतली. वाऱ्याची आरपार वाट आणि सावलीचे अंगण मात्र चटई क्षेत्राच्या हिशेबात न परवडणारे म्हणून गाळले गेले.

करंजाड्याकडे पुन्हा वळले की या हिशेबाचा अर्थ कळतो. जवळच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि या परिसरातील प्रत्येक चौरस फुटाला नवा भाव आला. १९६४च्या त्या प्रस्तावात याच घटकेचा विचार होता. शहर आल्याने वाढलेला जमिनीचा भाव कोणाच्या कामी यावा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. तो भाव जर केवळ फलकांवरील ‘आलिशान’ या शब्दाला धार लावण्यापुरताच उपयोगी पडणार असेल, तर आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे हप्ते ओतून घर घेणाऱ्या शिक्षकाला व कारकुनाला या शहराच्या जन्मकथेतून काहीच मिळाले नाही, असे होईल.

या परिसरात अजून भूखंड मोकळे आहेत, आराखडे अजून कागदावर आहेत आणि नियम अजून माणसांच्याच हाती आहेत. दोन इमारतींमध्ये थोडी अधिक जागा, वाऱ्याला वाट, बंद न होणारा सज्जा, मुलांना चौक आणि म्हाताऱ्यांना ओटा, एवढे मागण्यासाठी कोणाला मोठा वास्तुरचनाकार असण्याची गरज नाही. घराच्या किमतीत आपण आकाश मोजतो आहोत की नुसती फरशी, एवढे विचारण्याची सवय लागली तरी पुरे. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या साडेपाचशे कुटुंबांना ते आकाश परवडणाऱ्या किमतीत देऊन दाखविले होते. करंजाड्यापासून ते काही फार दूर नाही.